सर्वपित्रीच्या पानावरचा शिपाई

पेण, रोहा, माणगाव, महाड या पट्ट्यातल्या जुन्या घरांत एक माणूस असा असतो, की त्याच्याबद्दल घरच्यांना एकच वाक्य माहीत असतं. ‘तो बसऱ्याला गेला.’ कधी गेला, कोणत्या पलटणीत होता, कसा वारला, काही सांगता येत नाही. गेला आणि आला नाही. तिथी माहीत नाही म्हणून त्याचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढायचं, एवढाच त्याचा घराशी उरलेला संबंध.

बातम्यांच्या निमित्ताने पेण ते रोहा फिरताना गेली काही वर्षं मी ही वाक्यं जमवतोय. त्यातून एक मत ठाम झालंय, ते आज लिहितो. या माणसांची नावं हरवलीत असं आपण धरून चाललोय, पण त्यातली बरीच नावं कुठेतरी लिहिलेली आहेत. इंग्रजीत, वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये आणि आपल्यापासून फार लांब, पण आहेत. ती शोधून आणायचं काम आपण घरातल्या एखाद्या हौशी पोरावर सोडून दिलंय. माझ्या मते ते गावाचं आणि जिल्ह्याचं काम आहे.

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी हे बसरा प्रकरण काय ते सांगतो. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि नोव्हेंबरात हिंदुस्थानी फौज आजच्या इराकमधल्या बसरा बंदरात उतरली. त्यात पुण्याची सहावी डिव्हिजन होती आणि त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. पलटणींत घाटावरच्या मराठ्यांच्या आणि कोकणी मराठ्यांच्या कंपन्या वेगवेगळ्या असायच्या. कोकणी म्हणजे रत्नागिरी आणि आपला कुलाबा. वर्षभरात ही फौज बगदादच्या दारापर्यंत, टेसिफॉनपर्यंत पोचली. २२ नोव्हेंबर १९१५ ला तिथे मोठी लढाई झाली, माणसं भराभर पडली, फौज मागे हटली ती कूट गावात येऊन अडकली. तुर्कांचा वेढा १४७ दिवस चालला. दाणापाणी संपलं, तेव्हा घोडे कापून खायची वेळ आली आणि आपले बरेच लोक तेही खाईनात. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजारांनी शरणागती पत्करली. पुढे कैदेत वाळवंटातून चालताना आणि रेल्वेच्या कामावर किती मेले याची कथा वेगळीच आहे.

टेसिफॉन, कूट ही नावं कोकणातल्या घरात कशी टिकणार? बोट लागली ते बंदर लक्षात राहिलं. सगळ्याला मिळून एकच शब्द झाला, बसरा.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसं गेली, त्यातली ७४ हजारांच्या आसपास मेली. दुसऱ्यात २५ लाखांची फौज उभी राहिली आणि सुमारे ८७ हजार मेले. हे आकडे भाषणात छान वाटतात. आकड्यांचीच तर अडचण आहे.

महाराष्ट्रात ठिकठिकाणी चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक छोटी पाटी बसवलेली दिसते. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. संपलं. नाव एकाचंही नाही. सरकारला गावाकडून किती माणसं मिळाली त्याची ही पोचपावती. आपण शंभर वर्षं ती पाटी दर दिवाळीला चुना लावून जपली, पण त्यावरच्या ‘तीन’ म्हणजे कोण कोण, हे लिहून ठेवावं असं फारसं कुणाला सुचलं नाही. आता विचारायला गेलं तर सांगणारं माणूस उरलेलं नाही.

तिकडे बसऱ्यातही तेच झालं. १९२९ साली तिथे मोठं युद्धस्मारक बांधलं, ४० हजारांहून जास्त माणसांसाठी. ते बांधणाऱ्या आयोगाचं मूळ तत्त्व असं, की मेलेल्या माणसांत हुद्दा, वंश, धर्म यांचा भेद करायचा नाही. दिसायला फार सुंदर तत्त्व. पण बसऱ्याच्या भिंतीवर गोऱ्या सोजिराचं नाव कोरलं आणि हिंदुस्थानी शिपायांपुढे पलटणीचं नाव टाकून नुसती संख्या. फ्रान्समध्ये नव शापेल इथे १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर मात्र ४,७०० हून जास्त हिंदुस्थानी नावं व्यवस्थित कोरलेली आहेत. फ्रान्समध्ये युरोपातले लोक बघायला येणार होते. इराकच्या वाळवंटात रोह्याहून कोण जाणार होतं?

हे मी रागाने लिहितोय असं वाटेल, तर त्या आयोगाने स्वतःच हे कबूल केलेलं आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन हे त्याचं आजचं नाव. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या समितीचा अहवाल आला. पहिल्या महायुद्धातल्या आशियाई आणि आफ्रिकी मृतांपैकी ४५ ते ५४ हजारांची नोंद गोऱ्यांपेक्षा कमी दर्जाची ठेवली गेली, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, अशी माणसं ज्यांची नावानिशी किंवा अजिबातच नोंद नाही. ही शेवटची माणसं मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तची. आयोगाने माफी मागितली. आपल्या वर्तमानपत्रांत तेव्हा कोविडची दुसरी लाट होती, बातमी आली तशी गेली.

पण आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. दगडावर नावं कोरली नाहीत तरी आयोगाच्या रजिस्टरात ती होती. आता ती त्यांच्या वेबसाइटवर आहेत, फुकट, मोबाइलवर. नंबर, नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि नशीब असेल तर बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा.

रोह्याच्या अलीकडच्या एका गावातले एक काका तीनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. हातरुमालात गुंडाळलेला ‘मोठा रुपया’ घेऊन. घरात तो पिढ्यानपिढ्या लक्ष्मीपूजनाला मांडत आलेत. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस. वरचं कडं तुटलेलं. काकांचा प्रश्न साधा होता, सोनार म्हणतो चांदी चांगली आहे, पेपरात छापून याला जास्त भाव येईल का?

तो रुपया नव्हता. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल होतं. या मेडलची खुबी अशी, की त्याच्या कडेवर, नाण्याला खाचा असतात त्या जागी, ज्याला दिलं त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दाढीच्या आरशासमोर उजेडात धरून आम्ही एकेक अक्षर वाचलं. सुरुवातीला आकडे, मग शिपाई, मग नाव आणि शेवटी ११७ मराठा. नाव वाचलं तसे काका गप्प झाले. ते त्यांच्या आजोबांच्या थोरल्या भावाचं होतं. बसऱ्याला गेलेल्याचं. मेडल मरणानंतर घरी आलं असणार, आणि वाचता येणारं कुणी नसल्याने ते रुपया होऊन बसलं.

मग वेबसाइट. आडनाव टाकलं, काही नाही. दुसऱ्या स्पेलिंगने टाकलं, काही नाही. इथे एक गोम आहे. आपल्या शिपायांचं अख्खं नाव बरेचदा आडनावाच्याच रकान्यात टाकलेलं असतं, त्यामुळे आडनावाने शोधून माणूस सापडत नाही. शेवटी नंबर आणि पलटण टाकली आणि तो निघाला. बापाचं नाव बरोबर. गावाच्या नावातल्या ‘ळ’चा ‘ल’ झालेला आणि पुढे एक अक्षर जास्तीचं, पण तालुका रोहा, जिल्हा कुलाबा, मुंबई. मृत्यूची तारीख २२ नोव्हेंबर १९१५. म्हणजे टेसिफॉन. बसरा स्मारक.

काकांनी पहिला प्रश्न विचारला तो तिथीचा. तारखेवरून बघितलं तर त्या वर्षीच्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासचा दिवस. त्यांच्या गुरुजींनी पुढचं सांगितलं. लढाईत शस्त्राने गेलेल्याचं पक्षातलं श्राद्ध चतुर्दशीला घालायचं असतं, पंचांगात ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ लिहिलेलं असतं ते हेच. शंभर वर्षांहून जास्त काळ अमावास्येच्या गर्दीत जेवणारा माणूस एक दिवस अलीकडे आला आणि त्याला स्वतःचं पान मिळालं. माझा स्वतःचा श्राद्धपक्षावर फार विश्वास आहे अशातला भाग नाही. तरी त्या वर्षी त्यांनी बोलावलं तेव्हा गेलो, वडे खाल्ले.

मेडल विकलं नाही. लक्ष्मीपूजनाला अजून मांडतात.

आता यात माझं कौतुक काही नाही. एक वाचता येणारा माणूस आणि एक मोबाइल, एवढंच लागलं. प्रश्न असा की अशी किती मेडलं आजपर्यंत सोनाराच्या मुशीत गेली? चांदीचा भाव वाढला की जातातच. आणि मजूर म्हणून नेलेल्यांचं मेडल काशाचं असायचं, त्याला तर कुणी विचारतही नाही. त्याच्याही कडेवर नाव असतं.

नुसत्या मराठा पलटणींवर थांबलो तर अर्धा जिल्हा सुटेल. महारांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त सैनिक, त्यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला होता. लढाईत माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ ला १११ महार ही पलटण काढली आणि गरज संपल्यावर १९२१ ला मोडली. पुन्हा दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ला, महार रेजिमेंट उभी केली. या घरांतली कागदपत्रं शोधताना ‘नाक’ लावलेली जुनी नावं डोळ्यांखालून घालावी लागतात. आज घरी जे आडनाव लावतात ते त्या कागदावर असेलच असं नाही.

आणि समुद्र. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड या बाजूची कोकणी मुसलमान घरं, किनाऱ्यावरचे कोळी, खारवी. बोटीवर खलाशी, आगवाला म्हणून गेलेले. टॉर्पेडो लागून बोट बुडाली की कबर नाही, पाटी नाही. पण मुंबईत, मशीद बंदरला, खलाश्यांच्या वसतिगृहात यांचं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त जणांची नावं तिथे आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या जवळपास साडेसहा हजार खलाशांच्या नावांचं एक पुस्तक आहे, एक प्रत मुंबईला आणि तशीच दुसरी चितगावला. लोकलने दोन तासांवर. आमच्या भागातले किती लोक तिथे जाऊन आलेत? गेटवे आणि राणीची बाग बघून पोरं परत येतात.

परत आलेल्यांचं मात्र अवघड आहे. आयोगाची यादी मेलेल्यांची. जो जगला, दोन बिघे जमीन कसून, मिशीला पीळ देत म्हातारा होऊन मेला, त्याचा कागद शोधायचा म्हणजे घरातलं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, नाहीतर पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. पण तिथे लिहायचं तर नंबर पाहिजे आणि नंबर त्या डिस्चार्ज बुकात, ज्याला वाळवी लागली.

या कागदाची किंमत मी पहिल्यांदा बघितली ती पत्रकारितेत नवीन असताना. पेण तालुक्यातली एक आजी. नवरा दुसऱ्या महायुद्धात होता, १९४२ च्या जूनमध्ये तोब्रुकला पकडला गेला, कैदेतून सुटून आला. मराठ्यांची दुसरी पलटण तिथे सापडली होती, तेव्हा हकिकत खरी असणार. दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांच्या विधवांना राज्य सरकारकडून दरमहा मानधन मिळतं. आजीकडे सांगायला सगळं होतं, वाळू, उपास, गोऱ्या साहेबाचं नाव. कागद नव्हता. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, प्रत्येक जण म्हणे नंबर आणा. नवऱ्याने धुळीतून बंदूक उचलली होती त्याला पुरावा लागतो हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. मानधन सुरू व्हायच्या आधी ती गेली. तेव्हा कुणी गावोगावी यादी केलेली असती, तर तिचा नंबर एका दुपारीत निघाला असता.

इथे एक जण हमखास कॉमेंट करणार, ‘इंग्रजांसाठी लढले ते, त्यांचं काय कौतुक?’ आधीच उत्तर देऊन ठेवतो. कौतुक करा असं मी म्हणतच नाहीये, नोंद करा म्हणतोय. कुलाबा जिल्ह्यात त्या काळी खोती होती. भात पिकवायचं आणि खोताच्या घरी पोचवायचं. त्याच जाचाला कंटाळून अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमीन कसली नाही. अशा घरातल्या धाकट्या पोरापुढे तीन रस्ते होते, गिरणी, बोट आणि पलटण. महिन्याची मनीऑर्डर हे त्याचं राजकारण होतं. त्याच जिल्ह्यात २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांची नावं स्मारकावर आहेत, दरवर्षी मानवंदना होते, व्हायलाच पाहिजे. पण चिरनेरला गोळी खाणारा आणि बसऱ्याला गोळी खाणारा, दोघांच्या घरातली भाकरी एकाच जातीच्या तांदळाची होती. एकाच्या मागे लोक उभे राहिले म्हणून त्याचं नाव टिकलं. दुसऱ्याच्या मागे सरकार होतं, त्याने आकडा ठेवला.

माणगावात तहसील कार्यालयाच्या आवारात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. आमच्या पिढीने एस.टी.तून जाता-येता बघितलेला. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. तिसऱ्या मराठा पलटणीत होते. १० जुलै १९४४ ला इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांची सगळी तुकडी पडली, हे एकटे पुढे गेले, ग्रेनेड टाकला, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि तिथेच मारले गेले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही, नाव इटलीतल्या कसिनो स्मारकावर आहे. आणि २०२३ च्या जुलैमध्ये इटलीतल्या मोंतोने या छोट्या गावाने त्यांच्या नावाने एक सावलीचं घड्याळ उभारलं. ऐंशी वर्षांनी, परक्या गावाने. त्यांच्याबरोबर त्या दिवशी पडलेले बाकीचे कोण होते? त्यांचीही नावं, गावं लिहिलेली असणार. आपण विचारलं नाही. आपल्याला एक वीर पुरतो, पुतळ्याला हार घालायला.

पंजाबात काय झालं बघा. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या सरकारने गाववार रजिस्टर केली होती, कोण गेलं, कुठल्या पलटणीत, परत आला की नाही. लाहोरच्या म्युझियममध्ये ती बाडं पडून होती, सुमारे ३ लाख २० हजार नोंदी. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या पंजाबी मंडळींनी ग्रीनिच विद्यापीठाला सोबत घेऊन त्या नोंदी इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. जालंदर, लुधियाना आणि सियालकोटपासून. तिकडचा नातू आता गावाचं नाव टाकतो आणि पणजोबाची ओळ वाचतो. देश दोन झाले तरी त्यांनी ते केलं. आपल्याला तर सीमाही ओलांडायची नाही, अलिबागला जायचंय.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘मेरी माटी मेरा देश’साठी गावोगावी शिलाफलक उभे राहिले. गावच्या वीरांची नावं त्यावर यावीत अशी कल्पना होती. मी बघितलेल्या काही फलकांवर १९१४ चं किंवा १९३९ चं एकही नाव नाही. ग्रामसेवकाला दोष देत नाही, त्याला आठ दिवसांत फलक उभा करायचा होता. पण पंचायतीकडे फलक आहे, जागा आहे, मानवंदना द्यायची हौस आहे. आमच्या रोह्यात तर धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस बंदुकीची मानवंदना देतात, इतकी. यादी तेवढी नाही.

माझी मागणी दोन ओळींची आहे. जिल्हा परिषदेने ठराव करावा आणि प्रत्येक ग्रामसभेने, १५ ऑगस्टची किंवा २ ऑक्टोबरची, एक वही उघडावी. दोन्ही महायुद्धांत गावातून गेलेले, मेलेले आणि आलेले, सगळ्या जातींचे, पलटणीतले आणि बोटीवरचे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने ती नावं आयोगाच्या यादीशी आणि पलटणींच्या रेकॉर्डशी पडताळून द्यावी. शाळेतली नववी-दहावीची पोरं हे काम आनंदाने करतील, मी दोन शाळांत विचारून बघितलंय. याला कोटीचा निधी लागत नाही, म्हणूनच बहुतेक अडेल.

तोपर्यंत ज्यांना घरचं शोधायचंय त्यांच्यासाठी थोडं.

जिल्हा ‘रायगड’ टाकू नका, ते नाव १९८१ चं आहे. ‘कुलाबा’ टाका. आयोगाच्या साइटवर ‘अतिरिक्त माहिती’ असा एक रकाना आहे, त्यात जिल्हा किंवा गाव टाकून बघा. ‘पेण’ नुसतं टाकलंत तर इंग्रजीत त्या तीन अक्षरांचे हजार शब्द येतील, म्हणून सोबत कुलाबा हवंच. शेवटी ‘ण’ आणि ‘ळ’ इंग्रजांना जमत नव्हते हे लक्षात ठेवून स्पेलिंग फिरवा. कैदेत गेलेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने पहिल्या महायुद्धातली कैद्यांची कार्डं ऑनलाइन ठेवलीत, तीही फुकट. पैसे मागणारा कुणी भेटला तर आधी हे बघून घ्या. आणि व्हॉट्सॲपवर ‘आमचे पणजोबा नेताजींचे उजवे हात होते’ असं फिरवण्याआधी कागद बघा. पणजोबा साधा शिपाई निघाला तर काही बिघडत नाही.

मेडल असेल तर समोरून फोटो काढून पाठवू नका, राजाचं तोंड मला पाठ आहे. कडेचा फोटो पाठवा, तिरक्या उजेडात, गोल फिरवत चार-पाच. नंबर वाचता आला की पुढचं मी बघतो, पेणच्या कुठल्याही पेपरच्या स्टॉलवर विचारलंत तरी माझा पत्ता मिळेल. आणि कृपा करून फोटोसाठी ते चिंचेने किंवा राखेने घासू नका. कडेवरची अक्षरं आधी जातात.